फुटबॉलसाठी काढलेला दाखला

जून महिना उजाडला की आपल्याकडील माध्यमिक शाळांच्या कचेऱ्यांत दोन प्रकारची गर्दी होते. एक प्रवेश घेणाऱ्यांची, आणि दुसरी, संख्येने थोडी व बोलण्यात त्याहून थोडी अशी, शाळा सोडल्याचा दाखला मागणाऱ्यांची. दाखला मागण्याची कारणे बहुधा ठरावीक असतात. वडिलांची बदली, आजोळी राहावयास जाणे, घरातील वाटण्या, अशी ती कारणे कारकून फारशी न वाचताच रजिस्टरात उतरवून घेतो. परंतु कोल्हापूर जिल्ह्यात, आणि त्यातही नृसिंहवाडीसारख्या शहरापासून 40-45 किलोमीटर दूर असलेल्या गावी, ‘पुढील शिक्षणासाठी’ या निरुपद्रवी शेऱ्याच्या आड कधी कधी निराळेच कारण असते. ते असे की, मुलगा फुटबॉल बरा खेळतो, आणि शहरातील ज्या शाळेचा संघ दरवर्षी तालुका-जिल्ह्याच्या पायऱ्या ओलांडून पुढे जातो त्या शाळेच्या पटावर त्याचे नाव लागावे अशी त्याची, त्याच्या मामाची आणि त्या शाळेच्या क्रीडाशिक्षकाचीही इच्छा आहे.

नृसिंहवाडीचे नाव घेतले असता फुटबॉल कोणाला आठवणार नाही, हे मी मान्य करतो. कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम, दत्तप्रभूंच्या पादुका, बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी हीच वाडीची ओळख आहे व ती तशीच राहावी. पण मुले ही तीर्थक्षेत्रांतही मुलेच असतात. आणि ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहरात फुटबॉलचा सामना ऐन दुपारी बाजारपेठ ओस पाडू शकतो, त्या जिल्ह्यातील मुलांच्या मनावर त्या खेळाचे गारूड पडले नाही तरच नवल. महाराष्ट्राचा बहुतेक मुलूख क्रिकेटच्या अमलाखाली गेला असता कोल्हापूर शहराने मात्र फुटबॉलचे वेड जिद्दीने जपले आहे, आणि त्या वेडाचा इतिहास ठाऊक असल्याशिवाय वाडीच्या मुलाचा दाखला का निघतो हे कळणे कठीण आहे.

कोल्हापूरचा फुटबॉल हा क्लबांचा नसून तालमींचा आहे. कुस्ती आणि मर्दानी खेळ यांच्यासाठी पेठापेठांतून जी तालीम मंडळे उभी राहिली, तीच पुढे गणेशोत्सवाची, पेठेच्या पंचायतीची आणि फुटबॉलचीही मंडळे झाली. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम ही संघांची नावे परगावच्या माणसास कुस्तीच्या आखाड्यांची वाटतात, आणि मुळात ती तशीच आहेत. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, संध्यामठ, झुंजार असे संघ आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली ‘केएसए’, हिच्या देखरेखीखाली शाहू स्टेडियमवर वरिष्ठ गटाची साखळी स्पर्धा होते, तिला राजघराण्याचा आश्रय आहे, आणि ती संपते न संपते तोच राजकीय पुढाऱ्यांच्या व मंडळांच्या नावाने चषकांच्या स्पर्धा सुरू होऊन उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत मैदानाला उसंत मिळत नाही. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातील ईर्षा ही तर कोल्हापूरच्या लोकजीवनातील एक स्वतंत्र संस्थाच होय. तिच्या पायी गोलही झाले आहेत आणि पोलिसांना बंदोबस्तही वाढवावा लागला आहे.

अशा व्यवस्थेत खेळाडू हा पेठेचा असतो; निदान तसे मानण्याची वहिवाट आहे. ज्या बोळात तो वाढला, त्या बोळाच्या तालमीचा रंग त्याने अंगावर घालावा, हे वेगळे सांगावे लागत नसे. पुढे बक्षिसांच्या रकमा वाढल्या, मानधनाची भाषा रूढ झाली, आफ्रिकी खंडातील खेळाडूही कोल्हापूरच्या संघांतून दिसू लागले, आणि हंगामाच्या आरंभी होणारी खेळाडूंची नोंदणी हा वाटाघाटींचा, रुसव्याफुगव्यांचा आणि प्रसंगी पळवापळवीचा काळ झाला. यात कोल्हापूरचे काही विशेष नाही. कलकत्त्यात नोंदणीच्या दिवसांत मोहन बागान व ईस्ट बंगाल यांची माणसे नामांकित खेळाडूंना सहीपर्यंत अज्ञात स्थळी दडवून ठेवीत, आणि तेथील वर्तमानपत्रे त्या प्रकारास खुद्द सामन्यांइतकीच जागा देत. फरक एवढाच, की कलकत्त्यात सही करणारा गडी जाणता असे, आणि आमच्याकडे हे वारे आता चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांपर्यंत येऊन पोहोचले आहे.

पेठ बदलणाऱ्या फुटबॉलपटूस कोल्हापूरकर जी दूषणे देतो, ती ऐकली म्हणजे मला नेहमी एका विसंगतीचे आश्चर्य वाटते. याच शहरात कुस्तीसाठी गाव सोडणे हे पुण्यकर्म मानले गेले आहे. शाहू महाराजांनी उत्तरेकडील मल्ल येथे आणून त्यांच्या खुराकाची तजवीज केली आणि 1912 साली खासबागेचे मैदान बांधले, तेव्हापासून परमुलखातील पैलवान ही कोल्हापुरास नवलाची गोष्ट राहिलेली नाही. गणपतराव आंदळकर सांगली जिल्ह्यातील पुनवतचे, पण 1960 साली हिंदकेसरी झाले ते कोल्हापूरच्या मातीत घडून, आणि पुढे मोतीबाग तालमीत तेच वस्ताद म्हणून नावारूपास आले. हरिश्चंद्र बिराजदार लातूरकडील रामलिंग मुदगडचे, पण त्यांची कीर्ती गंगावेस तालमीशी कायमची निगडित झाली. यांपैकी कोणासही त्याच्या गावाने फितूर म्हटले नाही. उलट, पोरगे कोल्हापुरास वस्तादाच्या हाताखाली आहे, हे गावकरी अभिमानाने सांगत आणि वर्गणी काढून खुराकाला पैसे पाठवीत.

मग फुटबॉलच्याच मुलावर हा राग का? एक कारण उघड आहे. कुस्ती जिंकली की गाव आणि तालीम अशा दोघांचाही जयजयकार होतो, परंतु सांघिक खेळात जो एका संघाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा असतो, आणि सोडून गेलेला मुलगा पुढल्याच महिन्यात आपल्याच गोलात चेंडू मारण्यास उभा राहतो. याहून खोलवरचे कारण मात्र असे आहे की, पैलवान गाव सोडतो तो वस्तादासाठी, आणि फुटबॉलचा मुलगा शाळा सोडतो तो बहुधा संघासाठी. वस्ताद नावाची जी वस्तू आखाड्यात आहे, ती शालेय फुटबॉलच्या मैदानावर क्वचितच आढळते. तिच्या अभावी मुलाने काय पाहून जावे? तो विजयाची ढाल पाहून जातो. शिकवणारा कोण आहे, हे विचारण्याची सवयच आपण त्याला लावलेली नाही.

शिक्षणासाठी गाव सोडणे म्हणाल, तर तीही कोल्हापूरची जुनीच रीत आहे. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्यामागून जातीजातींची वसतिगृहे उभी राहिली, आणि खेड्यापाड्यांतील ज्या मुलांना शहरात हात टेकण्यास जागा नव्हती त्यांना छप्पर मिळाले. प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग हाऊस ही त्याच परंपरेतील संस्था. फुटबॉलमध्ये नाव कमावलेले शिवाजी पेठेतील महाराष्ट्र हायस्कूल हे तिचेच. म्हणजे वाडीचा, कुरुंदवाडचा किंवा शिरोळचा मुलगा फुटबॉलसाठी कोल्हापुरात येतो तेव्हा तो शतकापूर्वीच मळलेल्या वाटेने येतो. म्हणून संघबदल या गोष्टीचाच निषेध करणारांशी माझे जमत नाही. बदल कशासाठी झाला, एवढेच पाहावयाचे.

आता शिकवणाऱ्याकडे वळू. आपल्या शाळांतून फुटबॉलचा भार ज्याच्यावर पडतो तो क्रीडाशिक्षक हा एकटा मनुष्य कबड्डी, खो-खो, धावणे, संचलन, पंधरा ऑगस्टची कवायत आणि सहलीचा बंदोबस्त असे सर्व कारभार पाहत असतो. शिवाय एखादा शिक्षक रजेवर गेला की त्याचा तास याच्याच गळ्यात पडतो. अशा मनुष्यास दोष देणे सोपे, पण अन्यायाचे आहे. फुटबॉल शिकवण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे, हे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आता आपल्या परवान्यांच्या उतरंडीतून मान्य केले आहे. लहान मुलांच्या खेळासाठी आरंभीचे प्रमाणपत्र, मग ‘डी’ परवाना, त्यावर आशियाई महासंघाचे ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि सर्वांत वर ‘प्रो’ असे हे टप्पे आहेत. यांतील वरच्या परवान्यांची मोठ्या संघांना गरज असते. शाळेला खरी गरज आहे ती तळाच्या दोन पायऱ्यांची. परंतु आपल्याकडे चांगला प्रशिक्षक म्हणजे मोठ्या मुलांचा प्रशिक्षक, अशी एक उलटी समजूत आहे.

ती उलटी का, तेही सांगतो. चेंडू पायाने थांबवणे, दोन्ही पायांनी देणे, मान वर करून आजूबाजूस पाहणे या गोष्टी नऊ ते बारा-तेरा या वयात जितक्या सहज अंगवळणी पडतात तितक्या पुढे पडत नाहीत. म्हणून जाणता शिक्षक या वयात मुलांना अकरा-अकरांच्या विशाल मैदानावर सोडीत नाही. तो चारास चार, पाचास पाच असे छोटे डाव मांडतो, कारण बावीस मुलांत एक चेंडू असला की बुजऱ्या मुलाच्या वाट्यास तो फार थोडा वेळ येतो, आणि आठ मुलांत असला की त्याला चुकवताच येत नाही. याउलट ज्याला फक्त यंदाची ढाल दिसते, तो वर्गातील उंच व दांडगी मुले निवडून त्यांना लांब चेंडू मारावयास सांगतो. चौदा वर्षांखालील गटात ही युक्ती यशस्वीही होते, कारण त्या वयात काही मुलांना मिसरूड फुटलेले असते आणि काहींचा आवाजही फुटलेला नसतो. दोन वर्षांनी सर्वांची उंची सारखी होते, दांडग्या मुलाची मातब्बरी संपते, आणि जो किरकोळ पोरगा खरोखर खेळाडू होण्याजोगा होता तो एव्हाना क्रिकेट पाहत बसलेला असतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, त्याचा सर्वांनी यथोचित गौरव केला. पण तो कोवळ्या वयातच पुण्यास बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे जेथे रोजचा, ठरलेला व शिकलेल्या माणसांच्या हातचा सराव होता तेथे, गेला होता, याची आठवण गौरवसभांतून सहसा कोणी काढीत नाही.

येथवर जे लिहिले ते कोणीही कोल्हापूरकर थोड्याफार फरकाने कबूल करील. त्याचे लक्ष ज्या गोष्टीकडे सहसा जात नाही, आणि जी मला या साऱ्या प्रकरणाचे मूळ वाटते, ती म्हणजे सामन्यांचे वेळापत्रक. शासनाच्या शालेय क्रीडास्पर्धा 14, 17 व 19 वर्षांखालील गटांत होतात, आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर चढतात. सुब्रतो मुखर्जी चषकाची चढणही तशीच आहे. स्वतंत्र भारताच्या वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावे 1960 पासून चालत आलेल्या या स्पर्धेने शालेय फुटबॉलला जो मान मिळवून दिला तो मोठाच आहे. परंतु या पायऱ्यांच्या तळाशी सामने होतात ते बाद पद्धतीने, आणि बाद पद्धतीचा हिशेब कोणी पाटीवर मांडून पाहिला आहे काय?

समजा, एका तालुक्यात सोळा शाळांनी संघ पाठवले. बाद पद्धतीत एकूण सामने होतात 15. पहिल्याच दिवशी आठ शाळा घरी जातात. त्यांचा त्या वर्षीचा फुटबॉल एका सामन्यात, म्हणजे तासाभरात, संपतो. आणखी चार शाळांना दोन सामने मिळतात. विजेत्या शाळेस येथे चार, आणि पुढे जिल्ह्याला व विभागाला आणखी काही. म्हणजे ज्यांना खेळण्याची गरज सर्वांत अधिक त्यांना सर्वांत थोडे, आणि जे आधीच चांगले त्यांना सर्वांत अधिक, असा हा न्याय आहे. वर्षभर शाळेच्या मैदानात उन्हातान्हात पळणाऱ्या मुलाला आपले सारे कष्ट एका दुपारी, एखाद्या पेनल्टीवर, संपताना दिसतात, तेव्हा पुढच्या जूनमध्ये त्याने जिंकणाऱ्या शाळेची वाट धरली तर त्यात लोभ नसून साधा हिशेब आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेतील क्रीडागुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण ही फळे वरच्या पायऱ्यांवरच मिळत असल्यामुळे त्या हिशेबात घरची वडीलधारी माणसेही सामील होतात. आणि शिक्षकाचे म्हणाल, तर ज्याची परीक्षा वर्षातून एकदाच व एका तासात होणार, तो किरकोळ पोराला घडवण्याचा धोका कशाला पत्करील?

आता याच सोळा शाळांचे चार-चारांचे चार गट पाडा. गटातील सामने 24, उपांत्य दोन, अंतिम एक, मिळून 27. केवळ बारा सामने वाढले, दिवसाला चार या मानाने तीन दिवस अधिक लागले, आणि प्रत्येक शाळेस किमान तीन सामने मिळाले. पहिल्या सामन्यात हरलेल्या संघास दुसऱ्यात सुधारण्याची संधी, आणि शिक्षकास दोन सामन्यांमधल्या काळात काही शिकवण्याचे कारण, ही दोन्ही त्यातून येतात. हे सामने सलग दिवशी उरकू नयेत, हे ओघानेच आले. व्यावसायिक खेळाडूंची जागतिक संघटना दोन सामन्यांत 72 तासांच्या विश्रांतीचा आग्रह धरीत असता, आपल्याकडे कोवळ्या हाडांच्या मुलांना कधी कधी एकाच दिवशी दोनदा मैदानात उतरवले जाते, आणि त्याला जिद्द असे नाव दिले जाते.

शिरोळ तालुक्यापुरती आणखी एक अडचण आहे, ती मात्र हिशेबाने सुटणारी नाही. शालेय स्पर्धांचा खालचा टप्पा पावसाळ्यात येतो, आणि पावसाळ्यात कृष्णा व पंचगंगा या तालुक्यात काय करतात हे 2005, 2019 आणि 2021 या सालांनी सर्वांना दाखवले आहे. मैदाने पाण्याखाली जातात, शाळांतून पूरग्रस्तांची वस्ती होते, आणि पूर ओसरल्यावरही गाळ सुकेपर्यंत चेंडू टाकता येत नाही. शहरातील मुलांचा सराव चालू असताना येथील मुले महिना महिना घरी बसतात आणि मग कसाबसा गोळा केलेला संघ स्पर्धेस पाठवला जातो. वरच्या कचेरीला राज्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेस वेळेवर धाडावयाचा असल्यामुळे तिला तारखा पुढे ढकलता येत नाहीत, हेही खरेच. पण वाडीच्या लोकांना पुराशी जुळवून घेण्याची कला कोणी शिकवावयास नको. कृष्णेचे पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडते तेव्हा तेथे दक्षिणद्वार सोहळा साजरा होतो, आणि पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवून पूजाअर्चेचा क्रम तेथे चालू राहतो. देवस्थानाचे वेळापत्रक पुराने बुडत नाही. शाळांच्या स्पर्धांना अशी वरची जागा कोणीच नेमून दिलेली नाही.

कायदे करून संघबदल थांबवावा, असे म्हणणारांनी बाहेरचा अनुभव पाहावा. अमेरिकेत शालेय फुटबॉल, म्हणजे त्यांचा तो हातात चेंडू धरून धावण्याचा निराळाच खेळ, हा गावोगावचा मोठा उत्सव आहे. तेथील अनेक राज्यांच्या शालेय क्रीडासंघटनांनी असा नियम ठेवला आहे की, कुटुंबाने घर न बदलता केवळ मुलाने शाळा बदलली, तर त्याला वर्षभर मुख्य संघातून खेळता येणार नाही. परिणामी काही पालक घर बदलल्याचे कागद रंगवतात आणि काही संघटनांनी नियमच सैल केला आहे. आपल्याकडे तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमान्वये प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, शाळा बदलणे हा मुलाचा हक्कच आहे आणि दाखला देण्यास विलंब करणारा मुख्याध्यापक कारवाईस पात्र ठरतो. तेव्हा चौदा वर्षांखालील मुलाला दाखल्यावाचून अडकवून ठेवणे हे बेकायदेशीरही आहे.

जागतिक फुटबॉल महासंघाची, म्हणजे फिफाची, तजवीज मला अधिक शहाणपणाची वाटते. अठरा वर्षांखालील खेळाडूंच्या परदेशी बदलांना तिने काही अपवाद वगळता बंदी घातली आहे. परंतु त्याहून महत्त्वाचा तिचा नियम असा आहे की, मोठा झालेला खेळाडू रक्कम मोजून दुसऱ्या देशाच्या संघात गेला, तर त्या रकमेपैकी 5 टक्के भाग, त्याच्या बाराव्या ते तेविसाव्या वाढदिवसांच्या दरम्यान ज्या ज्या क्लबांनी त्याला शिकवले, त्यांच्यात वाटला जातो. गेलेल्याला कोणी अडवीत नाही, पण घडवणाऱ्याचा हिस्सा मात्र दफ्तरी नोंदलेला राहतो. आमच्याकडे खेड्यातील शाळेचा हिस्सा कोणत्याही दफ्तरात नाही. मुलगा कोल्हापूरला गेला, तेथून राज्याला गेला, वर्तमानपत्रात शहरातील शाळेचे नाव छापून आले, आणि ज्याने त्याला पाचवीत चेंडू थांबवावयास शिकवले तो वाडीचा किंवा औरवाडचा शिक्षक ती बातमी चहाच्या दुकानात वाचतो. पैशाची गोष्ट राहू द्या; राज्यपातळीच्या प्रमाणपत्रावर मूळ शाळेच्या नावाची एक ओळ वाढवली, तरी गावच्या मुख्याध्यापकास दाखल्यावर सही करताना आजच्याइतके जड जाणार नाही.

आणि तालुक्याच्या साखळी स्पर्धेसाठी शासनाच्या हुकुमाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. निवडीच्या स्पर्धा पावसाळ्यात व्हावयाच्या तशा होवोत. दिवाळीनंतर, मैदाने कोरडी झाल्यावर, नृसिंहवाडी, कुरुंदवाड, शिरोळ, जयसिंगपूर या परिसरातील शाळांनी आपापसांत शनिवारचे सामने ठरवले, तर त्यास जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याची परवानगी फार तर उपचारापुरती लागेल. शनिवारी शाळा सकाळची असते. अंतरे अशी की एस.टी.ने किंवा सायकलीने मुले दुपारी एकमेकांच्या गावी पोहोचून दिवेलागणीस घरी परत येऊ शकतील. अडचण एकच दिसते: त्याच महिन्यांत कारखान्यांची गाळपे चालू असल्यामुळे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते भरलेले असतात आणि सायकलवरील मुलांना त्यांतून पाठवणे पालकांच्या जिवावर येईल. तेव्हा पहिल्या वर्षी सामने नदीच्या एकेका अंगाच्या शाळांपुरते ठेवावेत, आणि पंच म्हणून कोल्हापूरच्या तालमींतील ज्या खेळाडूंचे हंगाम आता संपले आहेत त्यांना एस.टी.चे भाडे देऊन बोलवावे.